जकातीचा हिशेब आज मांडा, रमजानवर ढकलू नका

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतल्या सर्व मुस्लिम बंधू-भगिनींना, मशिदींच्या इमामसाहेबांना आणि विश्वस्तांना,



मागणं दोन गोष्टींचं आहे. ज्यांच्यावर जकात फर्ज आहे त्यांनी आपला हिशेब या आठवड्यात कागदावर मांडावा. आणि त्यातला मोठा वाटा आपल्याच दोन जिल्ह्यांत द्यावा, तोही एखाद्या घराचं अडलेलं काम मार्गी लागेल एवढ्या रकमेनं. ‘रमजानात बघू’ म्हणून हे काम पुढं ढकलू नये.

घाई कशाची, असं कुणी विचारेल. आपल्याकडची गरज रमजान पाहून येत नाही. मुलीच्या नर्सिंगची फी जून-जुलैत भरायची असते. डायलिसिसवरच्या माणसाला आठवड्यातून दोन-तीनदा दवाखाना गाठावा लागतो. मायक्रोफायनान्सवाला दर आठवड्याला हप्त्यासाठी दारात उभा असतो. जुलै २०२२ मध्ये इरईचं पाणी चंद्रपूरच्या रहमतनगरात शिरलं, त्याच पावसाळ्यात गोदावरी-प्राणहितेच्या पुरानं सिरोंचा तालुक्यातली गावं वेढली, आणि ऑगस्टच्या अखेरीस घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक घर जुन्या खाणीवरच्या पोकळ जमिनीत गडप झालं. तेव्हा रमजान नव्हता.

आपले हात मात्र रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांतच मोकळे होतात. दारी येईल त्याला वीस-पन्नासची नोट, लांबून पावतीपुस्तक घेऊन आलेल्या सफीरसाहेबांना हजार-पाचशे, उरलेलं नात्यात. ईदपर्यंत सगळी रक्कम संपते. शव्वाल उजाडतो तेव्हा पलीकडच्या गल्लीतलं कर्जात बुडालेलं घर होतं तिथंच असतं.

जकातीला महिना नाही, तारीख आहे

रमजानात सवाब जास्त म्हणून लोक थांबतात. ही भावना चांगलीच आहे. पण शरीयतनं जकातीला रमजानची अट घातलेली नाही. अट आहे ती चांद्रवर्षाची. ज्या दिवशी तुमच्याकडे निसाबाएवढी, म्हणजे जकात लागू होण्याच्या किमान मर्यादेएवढी, मालमत्ता पहिल्यांदा जमली, तो हिजरी दिवस म्हणजे तुमची जकातीची तारीख. चांद्रवर्ष ३५४-३५५ दिवसांचं असतं, म्हणून इंग्रजी कॅलेंडरवर ही तारीख दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकते. वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी निसाब पूर्ण असेल तर मध्ये रक्कम कमी-जास्त झाली तरी हनफी मतानुसार जकात फर्जच राहते. नेमका दिवस आठवत नसेल तर अंदाजानं एक हिजरी तारीख ठरवा, लिहून ठेवा आणि पुढं तीच पाळा.

तारीख उलटल्यावर कारण नसताना उशीर करणं बरोबर नाही. उलट, निसाबाच्या मालकाला तारखेच्या आधी आगाऊ जकात देता येते आणि थोडी थोडी करूनही देता येते. आज मेडिकल कॉलेजात पेशंट अडला असेल तर आज द्या, निय्यत करा, वहीत लिहा आणि वर्षअखेरीच्या हिशेबातून वजा करा.

फर्ज कुणावर

सोन्याचा निसाब साडेसात तोळे, म्हणजे ८७.४८ ग्रॅम. चांदीचा साडेबावन्न तोळे, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम. हा तोळा जुना, ११.६६४ ग्रॅमचा. सराफाच्या आजच्या दहा ग्रॅमच्या तोळ्याशी त्याची गल्लत करू नका. कुणाकडे फक्त सोनंच असेल, एक रुपयाही शिल्लक नसेल, तर सोन्याचा निसाब लागतो. पण थोडं सोनं, थोडी रोकड, थोडा दुकानाचा माल असं मिसळून असेल तर हनफी मतानुसार सगळ्याची एकत्र किंमत काढून ती चांदीच्या निसाबाशी ताडून पाहायची. तीन तोळे सोनं आणि बँकेत काही हजार असलेल्या कितीतरी भगिनी ‘आपण काही श्रीमंत नाही’ म्हणून हिशेबच करत नाहीत. त्यांच्यावर जकात फर्ज असण्याची शक्यता मोठी आहे.

नवऱ्याची मालमत्ता वेगळी, बायकोची वेगळी, कमावत्या मुलाची वेगळी. लग्नात मिळालेला दागिना बायकोच्या मालकीचा असेल तर त्याची जकात तिच्यावर आहे. तिच्या संमतीनं नवऱ्यानं भरली तरी चालते. नेहमी अंगावर असलेल्या दागिन्यांवरही हनफी मतानुसार जकात आहे. शाफई मतानुसार वापरातल्या दागिन्यांवर ती नाही, त्यामुळं कोकणातून बदलीनं इकडं आलेल्या शाफई कुटुंबांनी आपल्या मजहबप्रमाणे वागावं.

काय धरायचं, काय सोडायचं

धरायचं ते असं: सोनं-चांदी, घरातली रोकड, बँकेतली शिल्लक, एफडीची मुद्दल, विकायला ठेवलेला माल, परत मिळेल अशी उधारी आणि विकायच्याच हेतूनं घेतलेला प्लॉट. दागिन्यातले खडे आणि घडणावळ सोडा. २२ कॅरेटचं सोनं ९१.६ टक्के शुद्ध असतं. सराफ आज त्याला काय देईल, ती किंमत धरा.

सोडायचं ते असं: राहतं घर, गाडी, भांडीकुंडी, फ्रीज, कारागिराची हत्यारं, शिलाई मशीन, राइस मिलची यंत्रं, आरा मशीन. घर बांधायला घेतलेला प्लॉट सोडा. भाड्यानं दिलेल्या घराच्या किमतीवर जकात नाही. भाड्यातून साठलेली रक्कम मात्र धरा.

या बेरजेतून वजा करा ती तुमची देणी: ठोक व्यापाऱ्याची बाकी, थकलेलं भाडं, वीजबिल, हातउसने घेतलेले पैसे. वीस वर्षांचं गृहकर्ज असेल तर संपूर्ण कर्ज वजा करून निसाबातून सुटका करून घेऊ नका. अनेक उलेमा येत्या एका वर्षाचे हप्तेच वजा करायला सांगतात.

उरलेली रक्कम निसाबाएवढी किंवा जास्त असेल तर तिचा चाळिसावा भाग, म्हणजे अडीच टक्के, जकात. हिशेब चांद्रवर्षाऐवजी इंग्रजी वर्षावर ठेवत असाल तर वाढीव दिवसांसाठी २.५७७ टक्के धरा.

एक नमुना पाहा. चामोर्शीतला एक किराणा दुकानदार समजा. आकडे फक्त रीत कळावी म्हणून घेतले आहेत.

दुकानातला माल, आज विकला तर येणाऱ्या भावानं: २,६०,००० रुपये
रोकड आणि बँक: ९०,०००
वसूल होईल अशी उधारी: ७०,०००
भिशीत भरलेले, अजून न उचललेले: ४०,०००
एकूण: ४,६०,०००
वजा ठोक व्यापाऱ्याची बाकी १,१०,००० आणि बिलं १०,०००
शिल्लक: ३,४०,०००
जकात: ८,५०० रुपये

त्याच्या बायकोकडच्या सोन्याची किंमत ३,००,००० आहे आणि चार पैसे तिच्या खात्यातही आहेत, असं धरू. एकट्या सोन्याचीच तिची जकात ७,५०० होते, खात्यातल्या पैशांची त्यात भर. म्हणजे एका मध्यम घरातून सोळा हजार निघतात. अंदाजानं ‘दोन-चार हजार वाटून टाकू’ म्हणणाऱ्यानं हा आकडा नीट पाहावा. जे द्यायचं राहून जातं ते त्याचं नाही. कुरआननं त्याला मागणाऱ्याचा आणि वंचिताचा ठरलेला हक्क म्हटलं आहे.

इथले नेहमी अडणारे प्रश्न

*भिशी.* आतापर्यंत भरलेले आणि अजून न उचललेले पैसे तुम्ही दुसऱ्यांना दिलेल्या उसन्यासारखे, म्हणून ते बेरजेत धरा. भिशी उचलली असेल तर राहिलेले हप्ते तुमचं देणं, ते वजा करा.

*वेकोलिची, पेपर मिलची, वीज केंद्राची नोकरी.* सक्तीनं कापला जाणारा भविष्य निधी हाती येईपर्यंत त्याच्यावर जकात नाही, असा अनेक हनफी उलेमांचा फतवा आहे. स्वखुशीनं जास्तीची कपात करून घेत असाल तर त्या रकमेबद्दल मुफ्तीसाहेबांना विचारा. बरेच जण ती धरायला सांगतात. निवृत्तीला मिळालेली रक्कम तुमच्या नेहमीच्या तारखेला जेवढी शिल्लक असेल तेवढी बेरजेत येते. तिच्यासाठी वेगळं वर्ष मोजायचं नाही.

*ट्रक.* सुरजागडच्या लोहखनिजावर किंवा कोळशावर चालणाऱ्या ट्रकच्या किमतीवर जकात नाही. भाड्याची साठलेली रक्कम आणि कंपनीकडून यायचं बिल धरा. ट्रकांचा खरेदी-विक्रीचा धंदाच असेल तर उभे असलेले सगळे ट्रक विक्रीचा माल ठरतात.

*तेंदूपत्ता, धान, लाकूड.* तुमच्या तारखेला गोदामात तेंदूपत्त्याचे जेवढे बोद असतील त्यांची त्या दिवसाच्या बाजारभावानं किंमत करा. खरेदीचा भाव धरू नका. राइस मिलवाल्यानं स्वतःच्या मालकीचा धान-तांदूळ धरायचा. शासनाचा भरडाईला आलेला धान त्याचा नाही, तो सोडायचा.

*शेती.* पिकाचा हिशेब वेगळा असतो. त्याला उश्र म्हणतात. त्यात वर्ष उलटायची अट नाही, पीक हाती आलं की द्यायचं. पावसावरच्या धानाचा दहावा भाग, मोटारपंपानं किंवा पैसे मोजून पाणी घेतलेल्या पिकाचा विसावा. आसोलामेंढ्याच्या नहरावर पाणीपट्टी भरून धान घेणारा शेतकरी आणि एटापल्लीकडचा पावसावरचा शेतकरी यांचा हिस्सा म्हणून सारखा नाही. आपल्या देशातली कोणती जमीन उश्री, यावर उलेमांत मतभेद आहेत. आपल्या आलिमांना विचारून घ्या, पण ‘मतभेद आहेत’ म्हणून गप्प बसू नका. धानाचे चुकारे उशिरा मिळत असतील तर मिळाल्यावर ती रक्कम तुमच्या नेहमीच्या बेरजेत धरा.

*उधारी माफ करणं.* गरिबाची जुनी उधारी ‘जा, जकातीत माफ’ म्हणून वहीतून खोडली तर हनफी मतानुसार जकात अदा होत नाही. आधी जकातीची रक्कम त्याच्या हातात द्या, ती त्याची होऊ द्या. मग त्यानं आपली उधारी फेडली तर दोघांचं काम झालं.

*व्याज.* बँकेतलं व्याज जकात म्हणून देता येत नाही. ते सवाबाची निय्यत न करता गरजूला देऊन मोकळं व्हायचं. जकात त्याहून वेगळी काढा.

*नोकर.* घरकाम करणाऱ्या बाईला किंवा दुकानातल्या पोराला, ते हकदार असतील तर, जकात देता येते. पगाराच्या किंवा बोनसच्या बदल्यात मात्र नाही.

कुणाला द्यायची

कुरआनच्या सूरह तौबामध्ये आठ प्रकारचे हकदार सांगितले आहेत. त्यांतले चार आपल्या दोन जिल्ह्यांत रोज भेटतात: फकीर, मिस्कीन, कर्जात बुडालेला आणि वाटेत अडकलेला मुसाफिर.

मूळ गरजा भागवून ज्याच्याकडे निसाबाएवढं उरत नाही, तो हकदार. त्याला स्वतःचं घर आहे, मोटारसायकल आहे, हातात मोबाइल आहे, म्हणून तो बाद होत नाही. रहमतनगरातला पुरात सामान वाहून गेलेला माणूस घरमालक असूनही हकदार असू शकतो. आपल्यातले बरेच गरजू मागत नाहीत, पडदानशीन बाया तर दारात उभ्याही राहत नाहीत. त्यांना शोधायचं काम देणाऱ्याचं आहे. पैसे देताना ‘ही जकात आहे’ असं सांगायची गरज नाही. मनात निय्यत पुरे. ‘पोरांसाठी ठेव’ म्हणून दिलं तरी जकात अदा होते आणि समोरच्याची मान खाली जात नाही.

आई-वडील, आजी-आजोबा, मुलं, नातवंडं, नवरा-बायको यांना एकमेकांना जकात देता येत नाही. गरीब भाऊ, बहीण, काका, मामा, आत्या, मावशी, जावई, सून यांना देता येते, आणि त्यात नातं सांभाळल्याचा सवाबही आहे. सय्यद घराण्यातल्या व्यक्तीला जकात देऊ नका. त्यांना भेट म्हणून आपल्या इतर पैशातून मदत करा.

मशीद बांधायला, कब्रस्तानच्या भिंतीला, बोअरवेलला, रुग्णवाहिका घ्यायला, मदरशातल्या शिक्षकांच्या पगाराला जकात चालत नाही, कारण ती हकदाराच्या मालकीची व्हावी लागते. ही कामं लिल्लाह, म्हणजे ऐच्छिक दानाच्या, रकमेतून करा. मदरशातल्या गरीब मुलांचं जेवण, कपडे, पुस्तकं यांसाठी जकात चालते.

जवळ द्या, पुरतं द्या

पैगंबरांनी हजरत मुआज यांना यमनला पाठवताना तिथल्या श्रीमंतांकडून घेऊन तिथल्याच गरिबांना देण्याची शिकवण दिली. आपल्या वस्तीतला हकदार सोडून जकात बाहेर पाठवणं हनफी उलेमा पसंत करत नाहीत. गरजू नातलग बाहेर असेल किंवा तिकडे गरज जास्त असेल, तर गोष्ट वेगळी. मुंबई-हैदराबादच्या मोठ्या संस्थांकडे देणारे पुष्कळ आहेत.  सिरोंचा, अहेरी, कोरची, कुरखेडा इथं मात्र आपली वस्ती विरळ आहे. तिथल्या घरांकडे आपण पाहिलं नाही तर दुसरं कोण पाहणार? चंद्रपूरच्या पठाणपुऱ्यातल्या व्यापाऱ्यानं सिरोंच्याच्या विधवेचा विचार केला तर ती जकात काही परगावी गेली असं कुणी म्हणणार नाही.

दुसरी गोष्ट रकमेची. दोनशे जणांना पन्नास रुपये वाटले की देणाऱ्याला बरं वाटतं, घेणाऱ्याच्या घरात काहीच बदलत नाही. तेच दहा हजार एकाच घरी गेले तर एखाद्या बाईचं थकलेलं कर्ज फिटू शकतं, शिलाई मशीन येऊ शकते, मुलाची आयटीआयची फी भरली जाऊ शकते. कर्जदाराच्या बाबतीत तर कर्जाएवढी मोठी रक्कमही एकदम देता येते. त्याच्या संमतीनं पैसे थेट सावकाराला किंवा कंपनीला भरून पावती त्याच्या हाती दिली तरी चालतं. शक्यतो तसंच करा, म्हणजे कर्ज खरोखर फिटतं.

पेशंटसाठी देताना आधी विचारा: महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत उपचार बसतो का? बसत असेल तर कार्डाची कागदपत्रं करायला माणूस सोबत द्या. जकातीतून मग योजनेबाहेरची औषधं, नागपूर-सेवाग्रामचा प्रवास, सोबतच्याचं जेवण आणि बुडालेली मजुरी भागवता येते. एक लाख मागणाऱ्या घराला कधी कधी खरी गरज दहा हजारांची असते. उरलेल्या नव्वद हजारांत आणखी घरं सावरतात.

मशिदींच्या समित्यांना

येत्या जुम्म्याला नमाजनंतर मशिदीत एक टेबल मांडा. एक आलिम, एक हिशेबनीस, एक शिक्षक, आणि वस्तीतल्या एक-दोन जाणत्या बाया असोत. बायांशिवाय ही समिती अपुरी आहे, कारण कुठल्या घरात चूल पेटत नाही हे त्यांनाच आधी कळतं. त्या दिवसाचा सोन्या-चांदीचा भाव आणि निसाबाची रक्कम फळ्यावर लिहा. कोऱ्या हिशेबाच्या चिठ्ठ्या वाटा.

जकातीचं खातं लिल्लाह आणि बांधकामाच्या खात्यापासून वेगळं ठेवा. हकदारांची यादी करा, पण नावं जाहीर करू नका, आणि मदत घेतानाचे फोटो तर मुळीच काढू नका. किती आले, किती गेले, किती घरांत कोणत्या कामासाठी गेले, एवढं दर तीन महिन्यांनी नोटीस बोर्डावर लावा. मसलक कोणताही असो, एका घराला दोन मशिदींतून आणि दुसऱ्याला कुठूनच नाही असं होऊ नये म्हणून शहरातल्या समित्यांनी याद्या मिळवून पाहाव्यात.

देणाऱ्यांनीही डोळे उघडे ठेवावेत. मोबाइलवर आलेल्या क्यूआर कोडवर, रडत्या मुलाच्या व्हिडिओवर विश्वासून जकात पाठवू नका. संस्थेचा नोंदणी क्रमांक विचारा, जकातीचं खातं वेगळं आहे का ते विचारा, पावती घ्या. पावती द्यायला कुरकुरणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा.

इतर समाजांतल्या वाचकांना

आपल्याकडे शेजार धर्म विचारून केलेला नाही. आशाताई, अंगणवाडीताई, शिक्षक, दवाखान्यातल्या सिस्टर, तुमच्या पाहण्यात एखादं अडलेलं मुस्लिम घर असेल तर जवळच्या मशिदीच्या इमामांच्या कानावर घाला. जकातीचे हकदार हनफी मतानुसार मुस्लिमच असले तरी नफली सदका, म्हणजे ऐच्छिक दान, कुणालाही देता येतो. म्हणून मुस्लिम बांधवांना विनंती: जकातीबरोबर सदक्याचाही एक वाटा बाजूला काढा. वाघाच्या हल्ल्यात घरचा माणूस गेलेलं कुटुंब असो, सिकलसेलचा पेशंट असो, सरकारी मदत पोचेपर्यंत त्यांच्या घरी किराणा पोचवायला जात विचारायचं कारण नाही.

या आठवड्यात करायचं ते

आज: आपली हिजरी तारीख ठरवा आणि वहीत लिहा.
उद्या: सोनं वजन करून घ्या, बँकेची शिल्लक, माल, उधारी आणि देणी मांडा. घरातल्या प्रत्येकाचा हिशेब वेगळा.
परवा: जिथं शंका असेल तिथं आलिमांना विचारा, व्हॉट्सअॅपला नाही.
जुम्म्यापर्यंत: नात्यातलं आणि मोहल्ल्यातलं प्रत्येकी एक अडलेलं घर ठरवा, त्यांची खरी गरज विचारा आणि पहिली रक्कम पोचवा.

गेल्या वर्षांची राहिलेली जकात असेल तर तीही अंदाज करून याच हिशेबात धरा. ती माफ होत नाही, डोक्यावर राहते. आणि ज्यांच्यावर फर्ज नाही त्यांनी एवढं तरी करावं: ज्याच्यावर आहे त्याला हा कागद वाचायला द्यावा आणि हिशेबाला त्याच्याबरोबर बसावं.

आपला,
चंद्रपूर-गडचिरोलीतला एक जकात देणारा